सोर्स कोड गिटमध्ये, मग जार आणि डीएलएल कुठे ठेवायच्या?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. नवा सहकारी रेपो (गिटमधलं प्रोजेक्टचं फोल्डर, इतिहासासह) क्लोन करतो, म्हणजे त्याची प्रत उतरवतो, आणि बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) फेल होतो: अमुक लायब्ररी (तयार कोडचा संच) सापडत नाही. मग कोणीतरी सगळ्या जार फाइल्स (जावा लायब्ररीच्या तयार फाइल्स; डीएलएल या विंडोजवरच्या तशाच फाइल्स) ‘लिब’ फोल्डरमध्ये टाकून कमिट करतं, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदवतं. त्या दिवसापुरतं काम भागतं. पण जार आधीच कॉम्प्रेस केलेली असते, त्यामुळे दोन आवृत्त्यांमधला फरक तेवढा साठवणं गिटला फारसं जमत नाही. 20 एमबीची फाइल 30 वेळा बदलली की इतिहासात जवळपास 600 एमबी साचतात, आणि प्रत्येक पूर्ण क्लोनबरोबर ते सगळं खाली उतरतं.

आधी रेपोतल्या बायनरी (जार-डीएलएलसारख्या, मजकूर नसलेल्या) फाइल्सची यादी काढा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: ही पुन्हा कुठून मिळेल?

आपल्याच कोडमधून तयार होणारी असेल, तर ती रेपोत नको. तिचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीत) लिहा. मात्र आधी कमिट झालेल्या फाइलवर त्याचा परिणाम होत नाही. ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ हा पर्याय देऊन ती ट्रॅकिंगमधून काढावी लागते.

सार्वजनिक लायब्ररी असेल, तर फाइल नको, तिच्या नावाची आणि आवृत्तीची नोंद हवी. इथे मी हट्टी आहे: लॉक फाइल कमिट झालीच पाहिजे. ‘1.4 किंवा पुढची’ असं लिहिलं की आज आणि सहा महिन्यांनी होणारे बिल्ड वेगळे निघू शकतात. लॉक फाइलमध्ये नेमकी आवृत्ती असते, बहुतेकदा चेकसमही (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा). एनपीएम (जावास्क्रिप्टचं पॅकेज मॅनेजर) वापरत असाल तर बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘सीआय’ ही आज्ञा द्या. ती लॉक फाइल बदलत नाही. पण मूळ ठिकाणाहून पॅकेजच गायब झालं तर? मार्च 2016मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम 11 ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढलं गेलं आणि असंख्य बिल्ड बंद पडले. म्हणून नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारखा, उतरवलेल्या पॅकेजची प्रत जपणारा स्वतःचा साठा मध्ये ठेवा.

टीमची स्वतःची लायब्ररीही तिथेच टाका. एकदा प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीवर दुसरी फाइल कधीही चढवू नका, आणि ती ज्या कमिटपासून बनली त्याचा हॅश (कमिटची ओळख सांगणारा क्रमांक) तिच्यातच नोंदवा. वर्षभरानंतर बग शोधताना हीच नोंद हाताशी लागते.

असा साठा उभारणं शक्य नसेल तर गिट एलएफएस (मोठ्या फाइल्ससाठीचं गिटचं जोड साधन) वापरा. त्यात रेपोत फक्त छोटी पॉइंटर फाइल राहते, मूळ फाइल वेगळी साठवली जाते.

जुना इतिहास हलका करायला ‘फिल्टर-रेपो’ हे साधन आहे, पण त्याने कमिटचे हॅश बदलतात. सगळ्यांशी बोलून, बॅकअप घेऊनच ते करा. नंतर प्रत्येकाने नव्याने क्लोन करायचं.

आता तपासणी. रिकाम्या मशीनवर ताजा क्लोन घेऊन बिल्ड करा. स्वतःच्याच मशीनवर करणार असाल तर लोकल कॅशे (आधी उतरवलेल्या लायब्ररींचा साठा) आधी बाजूला काढा, नाहीतर नोंदवायची राहून गेलेली लायब्ररी तिथून गुपचूप उचलली जाईल.