जुन्या रेसिंग सायकलला एकच गिअर

माळ्यावर, जिन्याखाली नाहीतर गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली एखादी वाकड्या हँडलची रेसिंग सायकल पडून असते. गिअरच्या तारा गंजून अडकलेल्या, डिरेलरची (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राची) स्प्रिंग मेलेली, पण स्टीलची फ्रेम मात्र ठणठणीत. तिचे गिअर दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते काढून एकच ठेवावा, या मताचा मी आहे. काढाकाढी तासाभरात होते. उरलेला शनिवार-रविवार चेन एका रेषेत आणण्यात जातो, आणि सायकल गुपचूप पळणार की पायाखाली करकरत राहणार, हे तिथेच ठरतं.

आधी मागची खाच बघा

मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल ज्या खाचेत बसतो, ती आडवी किंवा किंचित तिरकी हवी. म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते. जुन्या स्टील फ्रेमना बहुधा अशीच खाच असते. ती सरळ खाली उघडत असेल तर चाक मागेपुढे सरकत नाही आणि चेन ताणायला वेगळी पुली टांगावी लागते. चालतं तेही, पण मग गिअर काढून परत गिअरसारखंच काहीतरी लटकवल्यासारखं होतं. मी अशी फ्रेम या कामाला घेत नाही.

फ्रेम सरळ आहे का, हे सुतळीने कळतं. सुतळी मागच्या एका खाचेला बांधा, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणा आणि ताणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंची सुतळी सारख्या अंतरावर हवी. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर फ्रेम कधीतरी आपटलेली आहे.

काढाकाढी

डिरेलर, शिफ्टर (गिअर बदलायची दांडी), तारा, चेन सगळं उतरवा. तारांसाठी फ्रेमलाच डाग देऊन बसवलेले छोटे कान कानशीने घासू नका. कुणाला दिसत नाहीत ते, आणि उद्या मन बदललं तर लागतील.

पुढे पायडलजवळ दोन चेनव्हील (दातांची चाकं) असतील तर ४२ ते ४६ दातांचं एक ठेवा. त्याचे बोल्ट दोन चेनव्हीलच्या जाडीचे असतात, एकट्याला घट्ट पकडत नाहीत. आखूड बोल्ट घ्या किंवा वॉशर घाला. जुन्या कॉटर पिनवाल्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) चेनव्हील रिव्हेटने जोडलेली असली, तर दुसरं तसंच राहू द्या.

फ्रीव्हील, म्हणजे मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसलेला दातांच्या चकत्यांचा गठ्ठा, काढताना खरा घाम निघतो. पायडल मारताना ते घट्टच होत जातं, त्यामुळे वीस वर्षं चाललेलं फ्रीव्हील हबला चिकटल्यासारखं असतं. त्याच्या खाचांचा बरोबर जुळणारा पुलर (फ्रीव्हील काढायचं हत्यार) हवा. ‘साधारण तसाच’ पुलर खाचा खाऊन टाकतो, मग फ्रीव्हील तोडूनच काढावं लागतं. पुलर बसवून वरून अ‍ॅक्सलची नट हलकी लावा, पुलर व्हाइसमध्ये धरा आणि आख्खं चाक स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. ‘टक्’ झालं की नट लगेच सैल करा. एक चूक मी केलेली आहे, तुम्ही करू नका: रिम बदलायची म्हणून आधीच स्पोक कापले, आणि मग फ्रीव्हील फिरवायला हातात धरायला काही उरलंच नाही.

दात आणि चेन

४२ दातांचं चेनव्हील आणि १८ दातांचं फ्रीव्हील असेल तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ४.९ मीटर जाते. मिनिटाला ७५ फेऱ्या, म्हणजे ताशी बावीस किलोमीटर. पुण्यात पेठांमधून, पुलांवरून हे मला पुरतं; कात्रजचा घाट मात्र उभं राहून मारावा लागतो. सगळं सपाट असेल तर मागे १६ घ्या.

काळ्या, दांड्याच्या सायकलला येतं ते १८ दातांचं, एकाच चकतीचं साधं फ्रीव्हील इथे चालतं, कारण इंग्लिश मापाच्या हबचे आटे तेच असतात. जुन्या फ्रेंच हबचे आटे किंचित वेगळे. हाताने तीन-चार वळसे सहज गेले नाहीत तर जोर लावू नका, हब वाया जाईल. आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका. गिअरची चेन या जाड दातांवर बसत नाही, १/८ इंची चेन घ्या. ती पुढच्या पातळ चेनव्हीलवरही चालते.

दोन आकडे जुळवा

चेनव्हील आणि फ्रीव्हील, दोन्हीचे दात फ्रेमच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर हवेत. गिअरच्या सायकलला हे अंतर जुळलं नाही तरी डिरेलर सांभाळून घेतो. इथे तो नाही.

पुढचं मोजायचं असं: सीटच्या नळीच्या बाजूपासून चेनव्हीलच्या दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर, अधिक नळीचा अर्धा व्यास. नळी बहुधा २८.६ मि.मी.ची असते, म्हणजे १४.३ मिळवा. आतल्या जागेवर बसवलेलं चेनव्हील ४१-४२च्या आसपास येतं.

मागचं: दोन खाचांमधलं अंतर मोजा. पाच गिअरच्या सायकलला ते १२० मि.मी., सहाच्या बहुतेकांना १२६. त्याच्या निम्म्यातून, उजव्या खाचेच्या आतल्या बाजूपासून फ्रीव्हीलच्या दातांपर्यंतचं अंतर वजा करा. समजा १२६ची फ्रेम आहे आणि हे अंतर २५ भरलं, तर ६३ वजा २५, म्हणजे ३८. पुढे ४२, मागे ३८. एखाद मिलिमीटर खपतो, चार नाही.

पाच-सहा चकत्यांना जागा हवी म्हणून हब डावीकडे सरकवलेला असतो. आता ती जागा नको. अ‍ॅक्सलवर उजवीकडच्या कोन (बेअरिंग धरणारी शंकूसारखी नट) आणि नटच्या मधला ४ मि.मी.चा स्पेसर (जाड वॉशर) काढून डावीकडे घाला. हब उजवीकडे सरकतो, २५चे २१ होतात आणि मागेही ४२ येतात. मात्र आता रिम मधोमध राहत नाही. डाव्या बाजूचे स्पोक ताणून, उजवीकडचे ढिले करून ती परत मध्यावर आणायची. हे जमत नसेल तर आउट काढणाऱ्या सायकलवाल्याकडे चाक द्या, पण स्पेसर का हलवला ते सांगा, नाहीतर तो ‘दुरुस्त’ करून पूर्वीसारखा बसवून देईल. या खटपटीत दोन्ही बाजूंच्या स्पोकचा ताण जवळजवळ सारखा होतो, आणि चाक आधीपेक्षा मजबूत होतं.

चेन ताणताना

चाक खाचेच्या मध्यावर ठेवून चेन तोडा, म्हणजे पुढेमागे सरकायला वाव राहतो. उजवी नट अर्धवट आवळा, रिम बोटाने मध्यावर आणा, मग डावी. चेन मधोमध वर-खाली मिळून एक-दीड सेंटिमीटर हलली पाहिजे. पायडल फिरवत बघा, जुनं चेनव्हील पूर्ण गोल नसतं. जिथे चेन सर्वात ताठ होते, तिथे हे माप घ्यायचं. आडव्या खाचेत क्विक रिलीजपेक्षा (खटका फिरवून चाक आवळायच्या दांडीपेक्षा) नट बरी, जोरात पायडल मारलं की चाक उजवीकडून पुढे ओढलं जातं.

दोन्ही ब्रेक ठेवा. फ्रीव्हीलच्या हबवर फिक्स्ड चकती (चाकाबरोबर पायडलही फिरतच ठेवणारी) बसवून ब्रेक काढणारे लोक असतात. त्या हबला उलट आट्यांची लॉकरिंग (चकती जागेवर धरणारी कडी) नसते, पाय मागे दाबला की चकती सुटू शकते. क्रोमच्या स्टील रिमवर पावसात ब्रेक जवळजवळ लागतच नाही. तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची ७००सी मापाची रिम घेतलीत तर ती जुन्या २७ इंचीपेक्षा ४ मि.मी. आत बसते, ब्रेकचे रबर तेवढे खाली उतरवावे लागतात.

वीसेक किलोमीटर झाले की नवं फ्रीव्हील आणखी आवळलं जातं. घरी आल्यावर चेन आणि दोन्ही नट पुन्हा तपासा, १५चा पाना खिशात ठेवून निघालात तर अर्ध्या वाटेतच.