अनुदानाच्या मागण्यांची तयारी: खासदाराच्या कार्यालयासाठी

अर्थसंकल्पाची कागदपत्रं उतरवून घ्या, हे सांगायची गरज नाही. अनुदानाच्या मागण्या म्हणजे प्रत्येक खात्याने खर्चासाठी लोकसभेकडे मागितलेली रक्कम. मागण्यांचं पुस्तक आणि खात्याच्या तपशीलवार मागण्या टेबलावर हव्यातच. पण ती उघडण्याआधी कामकाज सल्लागार समितीवर (सभागृहाचा वेळ कशाला द्यायचा ते ठरवणारी समिती) आपल्या पक्षाचं कोण आहे ते शोधा आणि त्यांना फोन करा: आम्हाला अमुक खात्याच्या मागण्यांवर चर्चा हवी आहे. मागच्या वेळी आमच्याकडून नेमकं हेच राहिलं. कपात प्रस्ताव (मागणीची रक्कम कमी करा असं सुचवणारे प्रस्ताव) तयार होते, आकडे तयार होते, फक्त खातं यादीत नव्हतं.

लोकसभेत सगळ्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होत नाही, मोजक्याच खात्यांवर होते. कोणत्या आणि किती तास, हे या समितीत ठरतं. समिती पंधरा जणांची, अध्यक्षस्थानी स्वतः लोकसभाध्यक्ष. यादीत नसलेली खाती शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, किंवा अध्यक्ष ठरवतील त्या वेळी, गिलोटिनमध्ये, म्हणजे चर्चेविना, एकगठ्ठा मतदानाला जातात. त्यावर कोणाला एक वाक्यही बोलता येत नाही. 14 मार्च 2018 आणि 23 मार्च 2023 या दिवशी तर सगळ्याच मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. लाखो कोटी रुपयांचा खर्च असा हातावेगळा होतो याची चीड येते. म्हणूनच जी चार-पाच खाती चर्चेला येऊ शकतात, त्यांत आपलं खातं बसवण्यासाठी धडपडायचं.

चर्चेसाठीची विनंती समितीला लेखी द्या, खात्याचं नाव आणि एका ओळीत कारण. बैठकीच्या आधी द्या. बैठकीनंतर दिलेल्या पत्राचा काही उपयोग नाही. समितीचा अहवाल सभागृहात आला की तो समितीकडे परत पाठवावा अशी दुरुस्ती मांडता येते, पण त्यासाठी सगळी मिळून अर्धा तास आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच मिनिटं. प्रत्यक्षात आवाजी मतदानाने अहवाल क्षणात संमत होतो. पुढे बदल हवा असेल तर सभागृहात सर्वसाधारण एकमत असल्याची अध्यक्षांची खात्री पटावी लागते. तेव्हा पुन्हा सांगतो: फोन आधी, कपात प्रस्ताव नंतर. आपल्या पक्षाचा समितीवर कोणी नसेल तर मोठ्या मित्रपक्षाच्या सदस्याला गाठा आणि अध्यक्षांनाही पत्र द्या.

तासांचा हिशेबही तेव्हाच करा. वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो. सहा तासांच्या चर्चेत आठ खासदारांच्या पक्षाच्या वाट्याला साधारण पाच मिनिटं येतात. वीस पानांचं भाषण लिहू नका. दोन मुद्दे, दोन आकडे, बस. बोलणाऱ्यांच्या यादीसाठी नाव पक्षाच्या प्रतोदांकडे गेलंय ना, ते स्वतः विचारून घ्या.

आता मागणी कोणती, ते. इथे फार जण घसरतात. कपात प्रस्ताव एकाच मागणीपुरता असावा लागतो, आणि विषय ज्या खात्याच्या पैशाचा असेल त्याच मागणीवर द्यावा लागतो. नाशिक जिल्ह्यातल्या खासदाराला सरकारी कांदा खरेदीवर बोलायचं असेल तर हात आपोआप कृषी खात्याकडे जातो. पण ती खरेदी ज्या भाव स्थिरीकरण निधीतून होते, तो ग्राहक व्यवहार खात्याकडे आहे. निर्यातीवरची बंधनं वाणिज्य खात्याकडे. म्हणजे कांदा एक, खाती तीन. यादीत कृषी मिळवून कांदा खरेदीचा प्रस्ताव दिलात तर तो चुकीच्या दारात जातो. समितीला खात्याचं नाव कळवण्याआधी हे तपासा.

प्रस्तावाची भाषा मोजून लिहा. धोरणच नामंजूर असेल तर मागणीची रक्कम 1 रुपयावर आणावी. विशिष्ट तक्रार असेल तर 100 रुपयांनी कमी करावी. काटकसर सुचवायची असेल तर नेमकी रक्कम लिहावी. ‘वर आणावी’ आणि ‘नी कमी करावी’ यांची अदलाबदल झाली तर प्रस्तावाचा प्रकारच बदलतो. एका प्रस्तावात एकच मुद्दा. युक्तिवाद, टोमणे, न्यायप्रविष्ट विषय, कायदा बदलण्याची सूचना, यांतलं काही आलं की प्रस्ताव बाद. भारित खर्चावर (ज्यावर लोकसभेत मतदान होत नाही असा खर्च) कपात मागता येत नाही. रक्कम वाढवून मागणं तर घटनेतच बसत नाही. प्रस्तावाची नोटीस, मागणी चर्चेला येण्याच्या किमान एक दिवस आधी गेली पाहिजे. कार्यक्रमपत्रिका बदलते, शेवटच्या दिवसावर टाकू नका.

आणि चिठ्ठी. प्रस्ताव छापून वाटला गेला म्हणजे मांडला गेला असं होत नाही. मागणी चर्चेला घेताना पीठासीन अधिकारी सांगतात की ज्यांना प्रस्ताव मांडायचे आहेत त्यांनी पंधरा मिनिटांत अनुक्रमांक लिहून सभापटलावर चिठ्ठी पाठवावी. खासदार त्या वेळी सभागृहातच हवेत. अनुक्रमांक आदल्या रात्री कार्डावर लिहून त्यांच्या खिशात द्या.

पुढचं थोडक्यात. खात्याच्या मागण्या तपासणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीचा अहवाल वाचा, मंत्र्याला विचारण्यासारखं बरंच तयार मिळतं. गिलोटिनला चर्चा नसली तरी मतदान असतं. 27 एप्रिल 2010 ला गिलोटिनच्या वेळीच कपात प्रस्तावांवर मतविभागणी झाली होती. गिलोटिनच्या दिवशी व्हिप (पक्षाचा हजेरी-मतदानाचा आदेश) बघा, खासदारांना दिल्लीबाहेर जाऊ देऊ नका. मागण्या मंजूर झाल्यावर तो पैसा काढण्यासाठी येणाऱ्या विनियोजन विधेयकात रक्कम बदलणारी दुरुस्ती चालत नाही, आणि आधी येऊन गेलेले मुद्दे तिथे पुन्हा काढता येत नाहीत. हे विधेयक परत पाठवायला राज्यसभेला चौदा दिवस, तिच्या शिफारशी मानणं लोकसभेवर बंधनकारक नाही.

पुरवणी मागण्यांची (वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा रकमेची) वेळही कामकाज सल्लागार समितीच ठरवते. त्या येणार असं कळलं की पहिला फोन पुन्हा तिथेच.