मुख्यसेविका म्हणून रुजू होताना: भेट, शेरा आणि वजनकाटा

एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविकेच्या, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेच्या, पदावर दोन वाटांनी येता येतं: सरळसेवा परीक्षा देऊन किंवा अंगणवाडी सेविकांमधून निवड होऊन. पहिल्या वाटेने आलेलीला बालविकासाचा अभ्यास पक्का असतो, पण वीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या ताईंना काम सांगताना तिची जीभ अडखळते. दुसरीला गावं, पाडे, नोंदवह्या सगळं पाठ असतं, पण कालच्या मैत्रिणीच्या कामावर शेरा लिहायला तिचा हात धजत नाही. दोघींकडेही साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्यांचं बीट येतं, म्हणजे सेविका आणि मदतनीस मिळून चाळीस ते पन्नास बायका. त्यांना पगार नाही, मानधन आहे. ग्रॅच्युइटीचा हक्कही त्यांना २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिळाला. त्यांच्याशी बोलताना हे कायम ध्यानात असू द्या.

या कामाचा कणा म्हणजे अंगणवाडी भेट. महिन्याच्या चोवीस-पंचवीस दिवसांतून प्रकल्पाची बैठक, बीट बैठक, अहवाल आणि ग्राम आरोग्य व पोषण दिन वजा केले की फिरतीला पंधरा-सोळा दिवस उरतात. रोज दोन अंगणवाड्या उरकल्या तर दौऱ्याचा तक्ता भरतो, पण एकही अंगणवाडी नीट दिसत नाही. त्यापेक्षा दिवसाला एकच पूर्ण भेट ठेवा: मुलं येण्याआधी पोचायचं आणि आहार वाटून झाल्यावर निघायचं. महिन्याला बारा-तेरा धरल्या तर दोन महिन्यांत सगळं बीट होतं, आणि उरलेले तीन दिवस जिथे काम अडलंय तिथे पुन्हा जायला मिळतात. भेटींचा आकडा वरून जास्त ठरवून दिला असेल, तर वाटेवरच्या गावांत दुपारी छोट्या भेटी द्या आणि तिथे एकच गोष्ट पाहा, धान्यसाठा किंवा वजनकाटा.

भेटीत नोंदवही शेवटी उघडा. मुख्यसेविका दारात दिसली की ताई शिकवणं थांबवून वह्यांचा गठ्ठा पुढे करतात आणि मुलांना ‘मॅडमना गाणं म्हणून दाखवा’ सांगतात. ‘ताई, तुमचं चालू द्या’ म्हणून मुलांमागे सतरंजीवर बसा. पाऊण तासात बरंच कळतं. किती मुलं स्वतःहून बोलली? तीन वर्षांचं मूल पाच वर्षांच्या मुलांत हरवलंय का? खेळणी मुलांच्या हाताला येतात, की कपाटात वेष्टणासकट आहेत? मदतनीस मुलांत आहे की सकाळपासून चुलीपाशी? स्वयंपाक अंगणवाडीतच होत असेल तर एकट्या ताईंच्या अंगावर तीस मुलं पडतात आणि मग एका सुरात पाढे म्हणवून घेण्यावाचून त्यांना गत्यंतर राहत नाही. हा दोष ताईंचा नव्हे, वेळापत्रकाचा आहे. भाजी निवडणं, धान्य भिजवणं मुलं यायच्या आधी हलवलं की मदतनीस निदान गोष्टीच्या वेळेला मोकळी होते.

दुसरी नेहमीची अडचण पालकांकडून येते. शेजारच्या इंग्रजी केजीतलं मूल ए ते झेड लिहितं, म्हणून आया तक्रार करतात आणि ताई तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी देऊन ‘क’ गिरवून घेतात. आधी कागद फाडणं, मणी ओवणं, माती मळणं, रेघोट्या मारणं व्हायला हवं, तेव्हा कुठे बोटांना पेन्सिल पेलते. अंगणवाडीसाठीचा राज्याचा अभ्यासक्रम ‘आकार’ घ्या किंवा केंद्राचा ‘आधारशिला’, दोन्हींत भर खेळावरच आहे. पण हे गावात एकट्या ताईंनी सांगितलं तर कुणी ऐकत नाही. तिथे पालकसभेला मुख्यसेविकेनेच उभं राहायला हवं.

आता शेरा. ‘काम समाधानकारक. सुधारणा आवश्यक.’ हा शेरा कोणत्याही अंगणवाडीला चालतो, म्हणून त्याचा उपयोग शून्य. असा लिहा: ‘गोष्टीच्या वेळी २२ पैकी ६ मुलं बोलली. पुढच्या भेटीपर्यंत रोज दोन गटांत गोष्ट घ्यावी. छोट्या गटासोबत मदतनीस बसतील. चित्रपट्टी मी आणून देईन.’ त्यात पाहिलेलं आहे, करायचं आहे, आणि तुमच्यावरची जबाबदारीही आहे. ती पुढच्या वेळी पाळली नाही, तर तुमच्या शेऱ्याला किंमत राहत नाही.

वजन-उंचीवर जास्त वेळ घाला, कारण सगळा डोलारा त्या आकड्यांवर उभा आहे. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. झोपवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरते, त्यामुळे पद्धत चुकली की मुलाची कुपोषणाची श्रेणी बदलू शकते. काटा सपाट फरशीवर ठेवा, शून्य आलंय का बघा आणि एक किलोचा मिठाचा बंद पुडा ठेवून खात्री करा. स्वेटर, पैंजण, बूट काढूनच वजन घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित, मग वजन काहीही दिसो. भूक मेली असेल, ताप किंवा सूज असेल तर ग्राम बाल विकास केंद्रावर (कुपोषित मुलांना गावातच जादा आहार देण्याची सोय) न थांबता त्याला आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवायचं.

खोटे आकडे ओळखता येतात. सगळी वजनं .० किंवा .५ ने संपतात. प्रत्येक मूल दर महिन्याला बरोबर २०० ग्रॅम वाढतं. जुलाबाची साथ येऊन गेलेल्या महिन्यातही कुणाचं वजन घटत नाही. कधी तर उंचीच कमी झालेली असते. असं दिसलं तर तिथेच पाच मुलांची वजनं ताईंसोबत पुन्हा घ्या. आणि मागच्या बैठकीत तीव्र कुपोषित मुलांचा आकडा वाढला म्हणून कुणाला सर्वांदेखत बोलणी बसली होती का, ते आठवा. आकडा वाढल्यावर ओरडा मिळतो असं एकदा कळलं की पुढच्या महिन्यापासून वजनं घरी बसून लिहिली जातात आणि पोरगं उपचाराविना राहतं. मूल शोधून काढणाऱ्या ताईंचं कौतुक करा, मनापासून आणि सगळ्यांसमोर.

सेविका-मदतनीस वाद प्रत्येक बीटमध्ये असतो. बहुतेक वेळा मूळ एकच: झाडणं, पाणी भरणं, मुलं आणणं, भांडी, यातलं कुणाचं काय हे ठरलेलंच नसतं. दोघींना वेगवेगळं पण एकाच दिवशी ऐका, पालकांसमोर नको. मग कामाची वाटणी कागदावर उतरवून दोघींच्या सह्या घ्या.

अंगणवाडी बंद आढळली तर वेळेसह नोंद करा, शेजारच्या दोघांची सही घ्या आणि ताईंना कारण विचारा. लसीकरणाला, सर्वेक्षणाला किंवा बैठकीला गेल्या असतील तर विषय तिथेच संपतो. तसं नसेल आणि पुन्हा घडलं, तर लेखी खुलासा घ्या आणि अहवाल बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठवा. कारवाईचा अधिकार तुमचा नाही, म्हणून ‘काढून टाकीन’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

बीट बैठक अहवाल गोळा करण्यातच संपते. आकडे आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागवा, पण चुकणाऱ्यांची नावं ग्रुपवर टाकू नका, फोन करा. पोषण ट्रॅकर या नोंदींच्या मोबाइल ॲपवर अडलेल्या ताईंसाठी बैठकीआधी अर्धा तास ठेवा. तिथे एखादी तरुण सेविका तुमच्यापेक्षा चांगलं समजावते. बैठकीचा निम्मा वेळ एखाद्या ताईंच्या प्रात्यक्षिकाला द्या: गोष्ट, बडबडगीत, मातीकाम, काहीही. सुरुवात बीटमधल्या सर्वांत हुशार ताईंपासून नको, बाकीच्या बिचकतात. मदतनिसांनाही तीन महिन्यांतून एकदा बोलवा, कारण सेविका रजेवर असली की मुलं त्यांच्याच हवाली असतात.