ऑस्ट्रेलियन क्राफ्ट बीअर चाखायची कशी आणि गुण द्यायचे कसे

बीअर चाखण्याबद्दल जे सल्ले सगळीकडे फिरतात ते बहुतेक वाइनवाल्यांकडून उसने घेतलेले असतात. ग्लास तिरका धरा, उजेडात फिरवा, डोळे मिटून विचार करा. त्याने फोटो चांगला येतो, बीअर कळत नाही. बघणं, हुंगणं, घोट घेणं हे कोणालाही एका संध्याकाळीत जमतं. गाडी अडते ती आकडा लिहिताना. म्हणून आधीच्या पायऱ्या भराभर उरकतो आणि आकड्यापाशी थांबतो.

काय आणायचं

एका बैठकीला पाच बीअर, सहावी नको. पाचही साधारण एकाच जातीच्या हव्यात. पेल एल (फिकट, सोनेरी बीअर) आणि स्टाउट (काळी, भाजक्या धान्याची) शेजारी ठेवून गुण देणं म्हणजे आमरस आणि कटाची आमटी एकाच स्पर्धेत उतरवणं.

पहिल्यांदा करत असाल तर पेल एलच घ्या. ॲडलेडची कूपर्स ओरिजिनल पेल एल, फ्रीमँटलची लिटल क्रीचर्स पेल एल, बायरन बेची स्टोन अँड वुड पॅसिफिक एल, गोल्ड कोस्टवरच्या करंबिनची बॉल्टर एक्सपीए आणि व्हिक्टोरियातल्या ब्रिज रोडची बीचवर्थ पेल एल. या पाचांत ऑस्ट्रेलियन पेल एल कुठून कुठे आली ते जवळजवळ सगळं कळतं.

आता कोणीतरी म्हणणारच की यातल्या बहुतेक क्राफ्ट, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रुअरीच्या, नाहीत. बरोबर आहे. कूपर्स हा 1862 पासूनचा मोठा कौटुंबिक कारखाना आहे. लिटल क्रीचर्स 2012 मध्ये आणि स्टोन अँड वुड 2021 मध्ये लायन या बड्या कंपनीकडे गेली, बॉल्टर 2019 मध्ये कार्लटन अँड युनायटेड या दुसऱ्या बड्या कंपनीने घेतली. ज्यांना स्वतंत्र ब्रुअरीचीच बीअर प्यायची आहे त्यांनी कॅनवर इंडिपेंडंट ब्रुअर्स असोसिएशनचा शिक्का बघावा, तो 2018 पासून छापला जातो. पैसे कोणाला द्यायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण तो राग किंवा ती माया गुणांत मिसळायची नाही.

कॅन उलटा करून तारीख वाचा. हॉप्सचा (बीअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं) वास हीच जिची ओळख आहे अशी बीअर तीन महिन्यांच्या आतली हवी. बॉटल-ओमध्ये, म्हणजे दारूच्या दुकानात, दारापाशी उन्हात रचलेला सवलतीचा ढीग असतो, त्याकडे बघूही नका.

मांडामांड

पेल एल फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. 7-8 अंश पुरेत, स्टाउटला 12 पर्यंत चालतं. 'बर्फासारखी गार' ही जाहिरातवाल्यांची भाषा आहे. इतक्या थंडीत वास बाहेरच येत नाही आणि सगळ्या बीअर एकसारख्या लागतात. ग्लास सगळे एका आकाराचे, साबणाचा वास न येणारे घ्या. दोन घोटांमध्ये साधं पाणी आणि कोरा पाव. चकली, चिवडा, ठेचा गुण लिहून झाल्यावर. तिखटाने कडवटपणा भलताच चढतो. त्या खोलीत उदबत्ती लावलेली नको आणि नुकतीच फोडणी दिलेली नको. आपल्या घरांमध्ये ही अडचण खरी आहे, हसू नका.

प्रत्येक ग्लासात शंभर मिलिलिटरच्या आतच. एकट्याने हा उद्योग करू नका. 375 मिलिलिटरच्या, पाच टक्क्यांच्या एका कॅनमध्ये साधारण दीड स्टँडर्ड ड्रिंक असतं (ऑस्ट्रेलियात एक म्हणजे 10 ग्रॅम अल्कोहोल). पाच कॅन चौघांत वाटले तर माणशी दोनच्या आसपास होतात. एकट्याने संपवले तर साडेसात होतात आणि सरकारी मार्गदर्शनाप्रमाणे दिवसाला चारच्या वर जाऊ नये. गाडी चालवायची मर्यादा 0.05 आहे, पी प्लेटवाल्यांना (नव्याने परवाना मिळालेल्यांना) शून्य. ट्राम आहे, तिने या.

बघणं

रंग, फेस, गढूळपणा यांची एक ओळ लिहा आणि पुढे चला. बीजेसीपी या बीअर परीक्षकांच्या संस्थेची गुणपत्रिका 50 गुणांची असते. तिच्यात दिसण्याला फक्त 3 आहेत, वासाला 12 आणि चवीला 20. यावरून समजून घ्या. कूपर्सच्या तळाशी गाळ असतो, तो यीस्ट आहे, दोष नाही. बाटली आडवी लोळवून गाळ मिसळायचा की वरची स्वच्छ बीअर ओतायची हे आधी ठरवा आणि सगळ्यांच्या ग्लासात तेच करा. पॅसिफिक एलही गढूळच असते.

हुंगणं आणि घोट

फेस आहे तोवर दोन-तीन छोटे श्वास घ्या. लांब श्वास घेत बसलात तर नाक सरावतं आणि वास नाहीसा होतो. गॅलक्सी या हॉपचा पॅशनफ्रूट आणि पीच इथल्या बीअरमध्ये सगळीकडे भेटेल. पॅसिफिक एल जवळजवळ त्याच एका हॉपवर उभी आहे. व्हिक सीक्रेटला अननस आणि पाइनचा वास, एक्लिप्सला मँडरिनच्या सालीचा. कूपर्समध्ये यातलं काही शोधू नका. तिथे प्राइड ऑफ रिंगवूड आहे, साठच्या दशकातला ऑस्ट्रेलियन हॉप, मातकट आणि रांगडा. सोबत यीस्टमधून येणारी हलकी फळं.

कॅनवर छापलेले शब्द वहीत उतरवू नका. पिकलेला पेरू आठवला तर पेरू लिहा, कैरीची साल आठवली तर तेच लिहा.

घोट गिळाच. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, अर्धी चव तिथे आहे. कडवटपणा किती वेळ राहतो आणि स्वच्छ सुटतो की घशाला खरखरतो, ते लिहा. गॅलक्सी भरमसाट घातलेल्या ताज्या हेझी आयपीएने (गढूळ, खूप हॉप्स घातलेली जात) घसा चुरचुरतो. अशी बीअर मधे आली की तिच्यानंतरच्या सगळ्या मार खातात, म्हणून ती शेवटी.

दोष ओळखणं फार अवघड नाही. लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअसिटिल नावाचं द्रव्य, यीस्टचं काम पुरं होण्याआधी बीअर काढलेली असते. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डीएमएस, हे गंधकाचं संयुग. हिरव्या सफरचंदाचा म्हणजे बीअर कच्ची. भिजलेला पुठ्ठा किंवा शिळा मध म्हणजे ऑक्सिजन लागलेला. हेझी आयपीए करडी-तपकिरी दिसायला लागली तर तेच. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला उन्हाने येणारी दुर्गंधी एकदा घेतलीत की विसरणार नाही.

आता आकडा

इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि इथेच बहुतेकांची वही निकामी होते. कारण सोपं आहे. माणूस बीअरला गुण देतच नाही. तो नावाला देतो, कॅनवरच्या चित्राला देतो, किमतीला देतो, शेजारी बसलेल्याने 'व्वा' म्हटलं त्याला देतो, आणि तिसऱ्या ग्लासानंतर स्वतःच्या खुशीला देतो. शिस्तीत हुंगून, शिस्तीत लिहून शेवटी जो आकडा पडतो तो या सगळ्यांची बेरीज असतो.

यावर एकच इलाज मी मानतो: पाच बीअर, सहा ग्लास. एक बीअर दोनदा ओतायची आणि ती कोणत्या दोन ग्लासांत आहे हे चाखणाऱ्यांना कळू द्यायचं नाही. ओतणारा माणूस वेगळा असतो, तो त्या दिवशी गुण देत नाही. तो स्वयंपाकघरात ओततो, ग्लासाच्या तळाला आकड्यांची चिठ्ठी लावतो आणि कुठल्या आकड्याला कुठली बीअर हे आपल्यापाशी ठेवतो. दुहेरी बीअर दुसऱ्या आणि पाचव्या-सहाव्या जागी येईल असं बघतो. सगळ्यांचे गुण लिहून झाले की आधी फक्त ती जोडी उघड करायची. एकाच बीअरला तुम्ही एकदा 5 आणि एकदा 8 दिले असतील तर त्या संध्याकाळचा तुमचा कागद रद्द. वाद नाही, 'दुसरा ग्लास जरा गार होता' नाही. दहापैकी एका गुणाचा फरक मी चालवून घेतो. दोनचा असेल तर वहीत शब्द ठेवतो, आकडे खोडतो.

लोकांना हे अपमानास्पद वाटतं. विशेषतः वीस वर्षं मेलबर्नमध्ये काढलेल्या काकांना, जे पहिला घोट घेताच निकाल जाहीर करतात. त्यांना सरळ त्रिकोणी चाचणीला बसवा: तीन ग्लास, दोनांत एकच बीअर, तिसऱ्यात दुसरी, वेगळा ग्लास ओळखा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून एकदा ओळखलं यावर मिशीला पीळ देऊ देऊ नका, चार-पाच वेळा करून घ्या. त्यानंतर काका दुसऱ्यांचं लिहून होईपर्यंत गप्प बसतात. तो नियमच आहे: शेवटचा आकडा लिहिला जाईपर्यंत टेबलावर बीअरबद्दल एक शब्द नाही.

दुहेरी ग्लासासाठी मी लिटल क्रीचर्स वापरतो, आणि तीच माझी मोजपट्टी आहे. तिची जागा दहापैकी 6 वर पक्की. ती मध्यम आहे म्हणून मुळीच नव्हे. ती कुठल्याही राज्यात मिळते आणि वर्षभर सारखी लागते म्हणून. कूपर्स त्या कामाला नको, बाटलीत यीस्ट जिवंत असल्यामुळे ती महिन्यागणिक बदलत जाते. तुमची मोजपट्टी दुसरी असू दे, पण एकच ठेवा आणि दर बैठकीला हजर ठेवा. नाहीतर मार्चमधला 7 आणि नोव्हेंबरमधला 7 यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही.

आकडे दोन लिहा. पहिला घडणीचा: जी बीअर करायला निघाले होते ती नीट झाली का, दोष आहे का, तोल आहे का. दुसरा ओढीचा: आणखी एक ग्लास घ्यावासा वाटतो का. या दोनांची सरासरी काढू नका, तिला काही अर्थ नाही. सिडनीच्या मॅरिकव्हिलमध्ये वाइल्डफ्लॉवर नावाची ब्रुअरी आहे, तिथल्या आंबट, पिंपात मुरवलेल्या बीअर अनेकांना पहिल्या घोटाला नकोशा होतात. त्यांनी ओढीला 3 द्यावेत, खुशाल. पण घडणीला 3 दिले तर ते बीअरचं माप झालं नाही. उलट पॅसिफिक एलला 'यात कडूपणाच नाही' म्हणून घडणीचे गुण कापणारेही भेटतात. ती कडू करायचीच नव्हती.

पूर्ण आकडेच वापरा. अनटॅप्ड या बीअरला गुण द्यायच्या ॲपवर पाचपैकी पाव-पाव गुणांनी मोजतात आणि सगळं साडेतीन ते सव्वाचारच्या डबक्यात साचतं. त्यातून वर तरंगतात ते बारा टक्क्यांचे स्टाउट आणि रांग लावून मिळालेले कॅन. चार-साडेचार टक्क्यांची सुबक बीअर तिथे कधीच वर येत नाही, कारण ती ओरडत नाही. दर जानेवारीत लागणारी गॅब्स या बीअर महोत्सवाची हॉटेस्ट हंड्रेड यादीही लोकांच्या मतांची आहे. खरेदीला जाताना उपयोगी, गुण देताना विसरा. ऑस्ट्रेलियन इंटरनॅशनल बीअर अवॉर्ड्समध्ये नाव झाकून, त्या जातीच्या कसोटीवर गुण देतात, बीअरना एकमेकींशी झुंजवत नाहीत. म्हणून एका गटात तीन सुवर्णपदकं असू शकतात किंवा एकही नसतं. घरीही तेच धोरण ठेवा. 'आजची सर्वोत्तम' निवडायची हौस असेल तर ती वेगळी, टाळ्यांसाठी.

माझ्या वहीत बहुतेक बीअर 5 ते 7 मध्ये बसतात आणि त्यात त्यांचा काही अपमान नाही. 9 सुचला तर तो पेन्सिलने लिहायचा. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या दुकानातला कॅन, पुन्हा नाव झाकून. तेव्हाही 8 च्या खाली आला नाही तर शाईने.

ब्रुअरीत बसून

पॅडल (छोट्या ग्लासांची चाखायची फळी) मागवलंत की ओतणारा बहुधा फळीवर रंग छान दिसतील असे ग्लास लावून देतो. ते तुम्ही अल्कोहोल आणि कडवटपणाच्या चढत्या क्रमाने पुन्हा लावा. तिथे नाव झाकता येत नाही, त्यामुळे तिथे फक्त शब्द लिहा, आकडा घरी. मोठा ग्लास मागवताना राज्य लक्षात ठेवा: न्यू साउथ वेल्समध्ये स्कूनर म्हणजे 425 मिलिलिटर, साउथ ऑस्ट्रेलियात स्कूनर मागितला तर 285 येतो, जो व्हिक्टोरियात पॉट असतो.

दोष सापडला तर

एका खराब कॅनवरून जाहीर एक तारा ठोकून मोकळं होऊ नका. तळाची तारीख आणि बॅच नंबर यांचा फोटो काढा, दुसऱ्या दुकानातून आणखी एक कॅन आणा. पहिलाच वाईट असेल तर दुकानाने तो उन्हात किंवा गरम गोदामात ठेवलेला असू शकतो, बिलासकट परत न्या. दोन्ही सारखेच वाईट असतील तर ब्रुअरीला लिहा: काय वास आला, कुठे घेतला, तारीख काय. छोट्या ब्रुअरीत ती मेल बऱ्याचदा बीअर करणाराच वाचतो आणि त्याच बॅचचा राखून ठेवलेला कॅन काढून तपासतो. त्याचं उत्तर येईपर्यंत वहीतली ती ओळ कोरी ठेवा.