रिकंबंट सायकलची सीट आरामदायी करताना

रिकंबंट म्हणजे मागे रेलून, पाय पुढे ठेवून चालवायची सायकल. तिच्या सीटसाठी नवी गादी घेण्याआधी सीटचा कोन तपासा. पार्श्वभाग दुखत असेल तर भार तिथेच एकवटलाय. सीटची पाठ २-३ अंशांनी मागे कलवली की तो पाठीवर पसरतो. पेडल मारताना पुढे घसरत असाल, तर सीटची पुढची कड थोडी उचला.

जाळीची सीट असेल तर खर्च न करताही बराच फरक पडतो. बसून सीटखाली हात घाला: फ्रेमची आडवी नळी माकडहाडाला टेकत असेल, तर पट्टे सैल पडलेत. खालचे पट्टे घट्ट ओढा, कंबरेमागचे दोन-तीन त्याहून घट्ट, खांद्याकडचे जरा सैल. नवे पट्टे ताणतात, म्हणून काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळा.

टणक कवचाच्या सीटला गादी लागतेच. मऊ, जाड फोमचा मोह टाळा. तो दबून तळाला टेकतो आणि घामही धरून ठेवतो. २-३ सेंटिमीटर जाडीची, हवा खेळणारी त्रिमितीय जाळीची गादी उत्तम. जुना गोंद पुसून रुंद वेल्क्रोच्या उभ्या पट्ट्या लावा, नाहीतर गादी सरकते.

आता बहुतेकांकडून सुटणारी गोष्ट. पाठीमागे २ सेंटिमीटर गादी आली की तुम्ही तेवढेच पेडलजवळ सरकता आणि गुडघे दुखू लागतात. बूम (पेडल धरणारी पुढची नळी) तेवढाच पुढे काढा, पण तो किमान किती आत राहायला हवा हे दाखवणारी त्यावरची खूण ओलांडू नका. १ सेंटिमीटर बूमला साधारण २ सेंटिमीटर जास्त साखळी लागते. पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चक्रांवर साखळी ताठ होत असेल, तर कड्या वाढवल्याशिवाय चालवू नका.