पन्नाशीनंतर जर्मनीत नोकरी गेली तर : आर्बाइट्सआम्टच्या अटी कशा सांभाळाव्यात

जर्मनीत वीस-पंचवीस वर्षे अभियंता, प्रकल्पप्रमुख किंवा संशोधक म्हणून काम केलेल्या मराठी माणसाच्या हाती पंचावन्नाव्या वर्षी नोकरी संपल्याचे पत्र पडते, तेव्हा पहिले काही दिवस त्याचे कशातच लक्ष लागत नाही. नेमक्या त्याच दिवसांत बेकारी भत्त्याच्या सर्वांत कडक मुदती सुरू झालेल्या असतात. मी स्वतः या वाटेने गेलो आहे, आणि माझ्यासारख्या आणखी काही जणांना अर्ज भरायला मदतही केली आहे. त्यातून एक गोष्ट पक्की समजली : येथील कायदा आपल्या पदवीचे आणि हुद्द्याचे रक्षण करत नाही, पगाराचे मात्र काही महिने करतो. हा फरक नीट ध्यानात घेतला, तर आर्बाइट्सआम्ट म्हणजे येथील सरकारी रोजगार कार्यालयाच्या पुष्कळशा मागण्यांचा अर्थ लागतो आणि मनस्तापही कमी होतो.

सरकारी कागदांवर या कार्यालयाचे नाव आगेंटूर फ्यूर आर्बाइट असे असले तरी लोक अजून आर्बाइट्सआम्टच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. येथे ज्या भत्त्याविषयी लिहीत आहे तो विम्याचा भत्ता आहे. दरमहा पगारातून जो हप्ता कापला गेला, त्यातून तो मिळतो. ते दान नव्हे, आणि तो मागताना मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. मुले नसतील तर आधीच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के आणि मूल अवलंबून असेल तर ६७ टक्के, असे त्याचे साधारण प्रमाण आहे. मात्र हिशेबात धरला जाणारा पगार विमाहप्त्याच्या कमाल मर्यादेपर्यंतच मोजतात. २०२५ साली ही मर्यादा महिना ८,०५० युरो होती. त्याहून अधिक कमावणाऱ्यांनी घरखर्चाचा अंदाज बांधताना हे विसरू नये.

पहिले तीन दिवस आणि पहिली सही

नोकरी संपणार हे कळल्यावर दोन वेगवेगळ्या नोंदी कराव्या लागतात, आणि अनेकांची गल्लत येथेच होते. पहिली नोंद ‘काम शोधत आहे’ अशी असते. ती नोकरी संपण्याच्या तीन महिने आधी करायची असते, आणि तेवढा अवधीच उरला नसेल तर बातमी कळल्यापासून तीन दिवसांत करायची असते. ती चुकली तर एक आठवड्याचा भत्ता जातो. दुसरी नोंद ‘बेकार झालो’ अशी असते आणि ती उशिरात उशिरा बेकारीच्या पहिल्या दिवशी व्हावी लागते. ही नोंद प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन करता येते, किंवा इलेक्ट्रॉनिक ओळखपत्राची ऑनलाइन सोय चालू असेल तर घरूनही करता येते. नोंद होईपर्यंत भत्ता मिळत नाही.

मात्र पन्नाशी ओलांडलेल्यांचे सर्वांत मोठे नुकसान नोंदणीतल्या चुकीमुळे होत नाही, ते सहीमुळे होते. मोठ्या पगाराच्या वयस्कर कर्मचाऱ्याला काढताना कंपन्या बहुधा परस्पर संमतीचा करार पुढे करतात. येथे त्याला आउफहेबुंग्सफरत्राग म्हणतात. माझ्यासमोरही असा करार ठेवला गेला आणि दोन दिवसांत सही मागितली गेली. भरपाईची रक्कम पाहून मोह होणे साहजिक होते. पण संमतीने नोकरी सोडली असे ठरले, तर श्पेर्त्साइट म्हणजे भत्ताबंदी लागते. ती १२ आठवड्यांची असते आणि तेवढ्यावर थांबत नाही, कारण भत्त्याच्या एकूण मुदतीतूनही किमान एक चतुर्थांश भाग कापला जातो. ज्याला २४ महिन्यांचा हक्क आहे, त्याचे त्यात सहा महिने जातात. तिशीतल्या माणसाचा हक्क बहुधा १२ महिन्यांचा असतो, म्हणून त्याचे नुकसान तीन महिन्यांचेच होते. आपले त्याच्या दुप्पट होते. कंपनी तशीही आपल्याला कामावरून काढणारच होती, नोटिशीचा कायदेशीर काळ पाळला गेला आणि भरपाई दर वर्षाच्या नोकरीमागे अर्ध्या महिन्याच्या पगारापर्यंत राहिली, तर सामान्यतः भत्ताबंदी लागत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा संघटनेला करार दाखवावा. कंपनीने सरळ नोटीस दिली असेल, तर तिच्याविरुद्ध कामगार न्यायालयात जाण्यासाठी नोटीस हाती पडल्यापासून केवळ तीन आठवडे मिळतात.

भत्ता किती काळ मिळेल हे वयावर आणि गेल्या पाच वर्षांतील विम्याच्या महिन्यांवर ठरते. वयाची ५० वर्षे पूर्ण आणि ३० महिने हप्ते भरलेले असतील तर १५ महिने, ५५ वर्षे आणि ३६ महिने असतील तर १८ महिने, ५८ वर्षे आणि ४८ महिने असतील तर २४ महिने. भारतातील नोकरीची वर्षे यात धरली जात नाहीत. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, पण तो निवृत्तिवेतनासाठी आहे.

निवासाचा परवाना ब्लू कार्डाचा, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा असेल, तर नोकरी मुदतीपूर्वी संपल्याचे परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावे लागते. कायम परवाना किंवा जर्मन नागरिकत्व असलेल्यांना ही चिंता नाही.

‘हे काम माझ्या योग्यतेचे नाही’

पहिल्या टर्मिनला म्हणजे ठरलेल्या भेटीला कार्यालयाचा सल्लागार संगणकावर आपली माहिती भरतो. आपण तीस वर्षांचा अनुभव सांगत असतो आणि त्याच्यासमोर व्यवसायांची ठरलेली यादी असते. माझ्या वेळी ‘विकास अभियंता’ एवढ्या एकाच नोंदीत सारे आयुष्य कोंबले गेले. पुढच्या भेटीला मी दोन पानी टिपण घेऊन गेलो. त्यात कोणती यंत्रणा हाताळली, किती माणसांचा गट चालवला, कोणत्या भाषेत ग्राहकांशी बोललो आणि कोणते प्रमाणपत्र अजून वैध आहे हे सोप्या जर्मनमध्ये लिहिले होते. त्या टिपणावरून त्याने चार नोंदी भरल्या. त्यानंतर कार्यालयाकडून येणाऱ्या जागांच्या शिफारशी माझ्या कामाच्या बऱ्याच जवळच्या झाल्या, म्हणून असे टिपण पहिल्याच भेटीला न्यावे असे मी आग्रहाने सांगतो. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या पदवीचे जर्मन समकक्ष काय, याचा कागद जवळ असेल तर तोही सोबत असावा.

याच भेटीत लेखी करार होतो आणि त्यात दरमहा किती अर्ज करायचे हे ठरते. हा आकडा सल्लागाराने टाइप केला म्हणून गप्प बसून मान्य करू नये. ज्याचे क्षेत्र अरुंद आहे त्याच्यासाठी आठवड्याला तीन योग्य जागाही निघत नाहीत, आणि मग आकडा भरण्यासाठी निरर्थक अर्ज पाठवले जातात. आपल्या विषयातील जागांची गेल्या महिन्याची छापील यादी समोर ठेवून, याहून जास्त जागा निघतच नाहीत हे शांतपणे दाखवावे. ओळखीच्या माणसांशी केलेला संपर्क आणि कंपन्यांना स्वतःहून पाठवलेली पत्रेही मोजली जावीत, अशी मागणी करावी. अर्जाचा आणि मुलाखतीच्या प्रवासाचा खर्च परत मिळू शकतो, पण त्यासाठी खर्च करण्याआधी मागणी नोंदवावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कार्यालय आपल्याला कमी दर्जाचे काम घ्यायला लावू शकते का? सामाजिक संहितेच्या तिसऱ्या खंडातील कलम १४० यावर स्पष्ट आहे. आपण ज्या कामाचे शिक्षण घेतले किंवा जे आजवर केले त्या प्रकारचे हे काम नाही, एवढ्या कारणावरून ते नाकारता येत नाही. तात्पुरत्या मुदतीची नोकरी आहे, हेही पुरेसे कारण नाही. पगाराला मात्र पायऱ्या आहेत. पहिल्या तीन महिन्यांत, भत्त्यासाठी धरलेल्या पगारापेक्षा २० टक्क्यांहून अधिक कमी पगाराचे काम नाकारता येते, आणि त्यापुढच्या तीन महिन्यांत ३० टक्क्यांहून अधिक कमी असलेले. सातव्या महिन्यापासून कामावर जाण्याचा खर्च वजा करून हाती येणारा पगार भत्त्यापेक्षा कमी असेल, तरच नकार चालतो. हिशेबातील पगार ६,००० युरो असेल, तर आधी ४,८०० आणि मग ४,२०० ही सीमा झाली. सहा तासांहून अधिक कामाच्या दिवशी जाण्यायेण्याचा एकूण अडीच तासांपर्यंतचा प्रवास योग्य मानला जातो. चौथ्या महिन्यापासून दुसऱ्या गावी राहायला जाण्याचीही अपेक्षा ठेवता येते. शाळेत जाणारी मुले किंवा घरातील आजारपण अशी ठोस कौटुंबिक अडचण असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून या सहा महिन्यांचे दिनदर्शिकेवर आखणी केलेले वेळापत्रक असावे. मनासारख्या जागांसाठीचे सगळे बळ त्यातच लावावे, कारण पुढे नकाराला फारच थोडी जागा उरते.

शिफारस केलेल्या जागेला अर्ज

कार्यालयातून येणाऱ्या शिफारसपत्राला दिलेल्या मुदतीत अर्ज करणे बंधनकारक आहे. सबळ कारणाशिवाय पहिला नकार दिल्यास तीन आठवडे, दुसऱ्या नकाराला सहा आठवडे आणि त्यापुढे १२ आठवडे भत्ता थांबतो. ठरलेल्या भेटीला न गेल्यास एक आठवडा आणि स्वतःचे प्रयत्न अपुरे ठरल्यास दोन आठवडे. अशा बंद्यांची बेरीज २१ आठवडे झाली की उरलेला हक्कच संपतो.

रागाच्या भरात ‘कार्यालयाने सांगितले म्हणून अर्ज करत आहे’ किंवा ‘मी या कामासाठी फार जास्त शिकलेलो आहे’ असे लिहून जागा टाळण्याचा प्रयत्न करू नये. मालकाला परावृत्त करण्यासाठी लिहिलेले पत्र हे अर्ज न केल्यासारखेच मानले जाते, आणि मालक ते कार्यालयाला कळवू शकतो.

खरे तर अशा पत्रात प्रामाणिक राहूनही आपला मान राखता येतो. जास्त शिकलेल्या वयस्कर उमेदवाराविषयी मालकाला तीन भीती असतात : हा लवकर सोडून जाईल, हा फार पैसे मागेल, आणि हा तरुण वरिष्ठाचे ऐकणार नाही. मला एका यंत्रभागांच्या गोदामातील साठानियंत्रकाची जागा शिफारस झाली होती. मी पत्रात लिहिले की अशा भागांच्या पुरवठ्याची बाजू मी कारखान्याच्या आतून पाहिली आहे, गेली सहा वर्षे माझे वरिष्ठ माझ्यापेक्षा वयाने लहान होते आणि आमचे काम चांगले चालले, आणि तुमच्या वेतनश्रेणीची मला कल्पना आहे. यातला प्रत्येक शब्द खरा होता. जागा मिळाली नाही, पण मुलाखत झाली, आणि तेथील व्यवस्थापकाने पुरवठा विभागातील दुसऱ्या जागेविषयी सांगितले. शिक्षणाचा तपशील थोडक्यात द्यावा, शेवटच्या दहा-पंधरा वर्षांचा अनुभव पुढे ठेवावा. पण पदवी लपवून खोटी कहाणी रचू नये, कारण येथे शेवटच्या मालकाचे प्रमाणपत्र अर्जासोबत मागतात आणि विसंगती लगेच दिसते.

प्रत्येक पत्रासाठी साधी वही ठेवावी. माझ्या वहीतील एक ओळ अशी आहे : ‘शिफारसपत्र १० मार्च, हाती १२ मार्च, अर्ज १४ मार्च, ईमेलने, पोच त्याच दिवशी, नकार २१ मार्च.’ एका भेटीत दोन अर्जांविषयी शंका निघाली, तेव्हा मी वही आणि पोचेचे कागद पुढे ठेवले, आणि तो विषय दोन मिनिटांत मिटला.

मालकाला हेही सांगता येते की वयस्कर बेकाराला कामावर घेतल्यास कार्यालय पगाराला अनुदान देऊ शकते. सामान्य नियमाने ते पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि १२ महिन्यांपर्यंत असते. ते हक्काने मिळत नाही, आणि त्याचा अर्ज काम सुरू होण्यापूर्वी मालकाने करायचा असतो.

कमी पगाराची नोकरी स्वीकारली तर पुढचा भत्ताही कमी होईल, या भीतीने अनेक जण घरी बसून राहतात. ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. नव्या हक्काच्या आधीच्या दोन वर्षांत आपण भत्ता घेतलेला असेल, तर पुढच्या वेळी तो निदान जुन्या, मोठ्या पगारावरच मोजला जातो. न वापरलेला हक्कही तो निर्माण झाल्यापासून चार वर्षे मागता येतो. हे कळल्यावर मला कमी हुद्द्याच्या जागांकडे मोकळ्या मनाने पाहता आले.

पुण्याची वारी, आजारपण आणि लेखी तक्रार

आईवडील पुण्या-मुंबईत असतात आणि बेकारीच्या काळात तरी त्यांच्याजवळ राहावे असे मनापासून वाटते. मात्र कार्यालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय गाव सोडून जाऊ नये. परवानगी असल्यास वर्षात तीन आठवड्यांपर्यंत भत्ता चालू राहतो, आणि बेकारीच्या पहिल्या तीन महिन्यांत ती सबळ कारणानेच मिळते. विमानाचे तिकीट परवानगी हाती आल्यावरच काढावे. आईच्या शस्त्रक्रियेसारखे कारण असेल तर रुग्णालयाचा कागद जर्मन भाषांतरासह द्यावा. परतल्यावर लगेच कळवावे.

आजारी पडल्यास त्याच दिवशी कळवावे. सहा आठवड्यांपर्यंत भत्ता चालू राहतो. आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी वेळेचे छोटे काम करता येते आणि महिना १६५ युरोपर्यंतची निव्वळ कमाई भत्त्यातून कापली जात नाही, पण कामाची सूचना आधी द्यावी. भत्त्याच्या काळात आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाचे हप्ते कार्यालय भरते, म्हणून घाईने कमी निवृत्तिवेतन घेण्याआधी हिशेब करून पाहावा : ३५ वर्षे भरलेल्यांना ६३ व्या वर्षापासून निवृत्त होता येते, पण लवकर घेतलेल्या प्रत्येक महिन्यामागे ०.३ टक्के कपात जन्मभर राहते.

चुकीचा निर्णय आला, तर बेशाइड म्हणजे निर्णयपत्र हाती पडल्यापासून एका महिन्यात लेखी हरकत घेता येते. कारणे तयार नसतील तरी मुदतीत एका ओळीची हरकत पाठवावी आणि कारणे मागाहून देईन असे लिहावे. ती टपालाने पोचेसह पाठवावी किंवा कार्यालयात देऊन प्रतीवर शिक्का घ्यावा. साध्या ईमेलवर विसंबू नये. हरकत फेटाळली गेल्यास सामाजिक न्यायालयात जाता येते. भत्ता मागणाऱ्याला तेथे न्यायालयीन शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. कामगार संघटनेचे किंवा फाउ-डे-का या सामाजिक संघटनेचे सदस्य असाल, तर त्यांचे कायदेतज्ज्ञ हरकतीचा मसुदा करून देतात. उत्पन्न कमी असल्यास स्थानिक न्यायालयातून सल्ल्याचे पत्र घेऊन १५ युरोत वकिलाला भेटता येते. १ जानेवारी २०२५ पासून टपालात टाकलेले निर्णयपत्र चौथ्या दिवशी पोहोचले असे धरले जाते. ते त्यानंतर आले असेल तर पाकीट फेकू नये आणि हाती आल्याची तारीख त्याच दिवशी वहीत लिहावी.