पेट्रोल आरसी गाडीचं इंजिन: सुयांना हात लावायच्या आधी आणि नंतर

हे रिमोटवर चालणाऱ्या १/५ स्केलच्या (खऱ्या गाडीच्या एक पंचमांश) पेट्रोल गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांत झेनोआ जी२३०, जी२६० किंवा त्यांच्या चायनीज कॉप्यांची इंजिनं असतात. नायट्रो इंधनाच्या गाड्यावाल्यांनी हे तसंच्या तसं लावू नका, तिकडे इंधनही वेगळं आणि प्लगही.

गाडी नीट चालेना की लोक आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बला (कार्बोरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) भिडतात. अहो, काल नीट चालणाऱ्या गाडीच्या कार्बच्या सुया, म्हणजे पेट्रोल किती जायचं ते ठरवणारे स्क्रू, रात्रीत आपोआप फिरत नाहीत. आधी एअर फिल्टर बघा. फोम साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल चोळून पिळून काढा. आपल्याकडची लाल माती पीठासारखी बारीक असते, कोरड्या फोममधून सरळ आत जाते आणि सिलेंडर खाते. मग कार्बचे आणि सायलेन्सरचे बोल्ट आवळा. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम पटकन खाली येत नसेल किंवा आयडल (थ्रॉटल न देता इंजिनचा वेग) वरखाली होत असेल तर बहुतेक कुठूनतरी हवा ओढतंय, अशा वेळी सुया फिरवून काही होत नाही, गॅस्केट बदला.

पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल २५:१, म्हणजे लिटर पेट्रोलला ४० मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल. ३२:१ वरही चालवतात, पण नवीन इंजिनला काटकसर कशाला! आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर कॅनमध्ये पडलेलं मिक्स वापरूच नका.

आता ट्यूनिंग. एल (कमी वेगाची) आणि एच (जास्त वेगाची) दोन्ही सुया हलक्या हाताने बंद करा, जोर लावला तर टोक खराब होतं. मग दोन्ही दीड फेरा उघडा, ही फक्त सुरुवात, मुद्दाम थोडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिन पाचेक मिनिटं चालवून गरम करा, थंड इंजिनवर केलेलं ट्यूनिंग फुकट जातं.

आधी एल. आयडलवरून थ्रॉटल झटक्यात ओढा. गाडी दचकून बंद पडायला लागली तर लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी, सुई थोडी उघडा. धूर सोडत गुरगुरत हळूहळू उचलत असेल तर रिच, थोडी बंद करा. एकावेळी फेऱ्याचा आठवा भागच फिरवायचा, त्याहून जास्त नाही.

मग एच, आणि हे जमिनीवर लांब पळवूनच. गाडी स्टँडवर ठेवून फुल थ्रॉटल मारू नका, लोड नसताना इंजिन नको तेवढं फिरतं. टॉपला किंचित गुरगुर यायला हवी. ती जाऊन आवाज एकदम स्वच्छ तीक्ष्ण झाला की ऐकायला मस्त वाटतं पण तिथेच पिस्टन सीझ होतात, कारण तेल पेट्रोलमधूनच येतं, पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. आठवा भाग परत उघडा आणि तिथेच थांबा. सगळ्यात शेवटी आयडल स्क्रू, आयडलला चाकं फिरता कामा नयेत.

खात्रीसाठी फुल थ्रॉटलवरून थेट किल स्विचने (इंजिन बंद करणारं बटण) बंद करून, थंड झाल्यावर प्लग काढा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर उत्तम, पांढरट म्हणजे लीन, काळा ओला म्हणजे रिच. प्लग सीएमआर७एच, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. गवत कापायच्या काही ब्रश कटरलाही हाच लागतो, त्यामुळे शेती अवजारांच्या दुकानात विचारा, कार्बचं डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) किटही तिथे मिळून जातं.

रिमोट किल स्विच नसेल तर आधी तो बसवा, सिग्नल तुटल्यावर फुल थ्रॉटलवर सुटलेली दहा किलोची गाडी कुणाच्याही पायावर जाऊ शकते. गाडी ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर डायफ्रॅम कडक होतो आणि पुढच्या वेळी दोरी ओढून हात दुखतात.